बसवंतच्या नावानं

सर्जापूर रोड, बेंगळुरू
११ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
सुखदाचा सा. न. वि. वि.

तिळाच्या वड्या पोचल्या, पण वाटेत त्यांचा पार भुगा झाला. निधी तो चमच्यानं खातेय आणि आजोबांनी मुद्दाम असाच पाठवला म्हणते. मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही.

तुम्ही विचारलंत की नऊ वर्षं घरी बसलेली बाई आता नेटवर्कची नोकरी करते म्हणजे नेमकं काय करते. तर ऐका. (म्हणजे वाचा. तुमचे कान जाऊन चार वर्षं झाली तरी माझी सवय जात नाही.) आमची लहानशी कंपनी दुसऱ्यांच्या कारखान्यांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून देते आणि ती जोडणी सांभाळते. आमची सगळी हत्यारं ओपन सोर्स, म्हणजे त्या प्रोग्रॅमचं पोट उघडं असतं. कुणीही आत डोकवावं, चुकलेलं दुरुस्त करावं आणि पैसे न देता वापरावं. शिकण्यासाठी मी एस. पी. रोडच्या जुन्या मालाच्या बाजारातून तीन जुने कॉम्प्युटर आणले आणि वॉशिंग मशीनशेजारी मांडले. त्यांवर लिनक्स ही असलीच फुकट प्रणाली चढवली, एकाला वाट दाखवणारा राउटर केलं, एकाला फायरवॉल. फायरवॉल म्हणजे दारावरचा वॉचमन. कुणाला आत सोडायचं ते यादी बघून ठरवतो आणि यादीत नाव नसेल तर मालकालाही सोडत नाही.

शिकवणारा आपल्याच बाजूचा आहे, संकेश्वरचा बसवंत. तिशीतला आहे, ठेकेदारामार्फत लागलेला, पण त्याच्याइतकं ऑफिसात कुणालाच येत नाही. मला अक्का म्हणतो. मी घाईनं काही टाइप करायला लागले की स्वल्प थांबा म्हणून माझा हात कीबोर्डवरून उचलायला लावतो. कामावर रोज मराठी बोलायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

शुभंकर दिवाळीपासून घरीच आहे. इंटरव्ह्यू होतात, पुढे काही होत नाही. पोळ्या मात्र तुमचा जावई माझ्यापेक्षा गोल करायला लागलाय. मला कायम करायचं की नाही ते मार्चअखेरीला ठरेल. तोवर घर माझ्या एकटीवर आहे आणि मला त्याची भीती वाटते. हे तुम्हालाच लिहितेय, त्याला सांगत नाही.

तब्येतीला जपा, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
सुखदा


निपाणी
२० जानेवारी २०२५

चि. सौ. सुखदास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. फुकट ते पौष्टिक हे माहीत होतं, पण फुकट ते पोट उघडं ठेवतं हे तुझ्याकडून कळलं. चांगलं आहे. आमच्या टेलिफोन खात्यात साहेब लोक नकाशे कुलपात ठेवायचे आणि आम्ही जमिनीखालची केबल अंदाजानं शोधायचो.

चौतीस वर्षं लोकांच्या घरी फोन बसवले आणि आता माझ्याच घरात फोन नाही. शेजारचे पिराजी त्यांचा मोबाइल घेऊन येतात, तुझे मेसेज वाचून दाखवायला बघतात आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. स्क्रीनवरची अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात. तेव्हा तू कागदावरच लिही, मोठ्या अक्षरात.

एक सांगतो. केबलला हात लावायच्या आधी आम्ही पलीकडच्या टोकाला माणूस उभा करायचो. तो हो म्हणाल्याशिवाय एक तार कापायची नाही. तुमच्यात अशी काही रीत असेल तर ती सोडू नकोस.

शुभंकरला आशीर्वाद सांग. त्याला पोळ्यांवरून चिडवू नकोस, पुरुषाला ते दिवसा चालतं पण नंतर लागतं. तुझी नोकरी टिकू दे, एवढंच मी रोज देवाला सांगतो.

तुझा लोभ आहेच, तो या कानफुटक्या म्हाताऱ्यावर असाच राहो.

तुझे
बाबा


सर्जापूर रोड
सोमवार, ३ मार्च २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आज चिडवाचिडवी नाही. माझ्या हातून वाईट गोष्ट घडली आहे. काल नाही, आज.

काल रविवारी दुपारी मी घरून आनेकलच्या एका कारखान्याच्या फायरवॉलची यादी बदलली. बदल सोमवारी, परवानगीनं करायचा होता. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम, करून टाकू, आमचे मुख्य योगीराज सर खूश होतील. कायम होण्याआधी काहीतरी करून दाखवायची खाज होती, दुसरं काय. असा बदल करताना आधी एक उलटं घड्याळ लावायचं असतं. पाच मिनिटांत मी ठीक आहे असं कळवलं नाही तर जुनी यादी आपोआप परत येते. बसवंतनं मला हे वीस वेळा करायला लावलं होतं. काल मी ते लावलं नाही. नव्या यादीत मी स्वतःचाच रस्ता घालायला विसरले आणि एंटर दाबताक्षणी बाहेर फेकले गेले. चावी आत ठेवून लॅचचं दार ओढून घ्यावं तसं. तुमचं पलीकडच्या टोकाचं वाक्य तेव्हा आठवलं.

कारखाना चार तास बंद पडल्यासारखा होता. हजेरीचं यंत्र चालेना, मालाच्या गाड्या गेटवर अडकल्या. शेवटी बसवंतच बस पकडून आनेकलला गेला आणि तिथे बसून सगळं पूर्ववत केलं.

आता खरी गोष्ट. मी त्याच्या नावानं आत शिरले होते. माझ्या नावाला तिथे अजून परवानगी नाही. शिकताना अडू नये म्हणून त्यानं स्वतःचा पासवर्ड मला दिला होता, फक्त मला. यंत्राच्या नोंदीत त्याचं नाव आहे. आज सकाळी योगीराज सरांनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं. तो म्हणाला की हे त्यानं केलेलं नाही. मग कुणी केलं, असं सरांनी विचारलं, तर गप्प राहिला. बाबा, मी शेजारच्या खुर्चीवर होते. त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही आणि मी तोंड उघडलं नाही. दुपारी ठेकेदाराचा फोन आला की त्यानं उद्यापासून घरी बसावं. बॅग भरताना त्यानं मला विचारलं की घरच्या राउटरची अडचण सुटली का. मी हो म्हणाले.

मी बोलले तर माझी नोकरी जाईल. शुभंकरला काय सांगू? निधीच्या शाळेचं काय? मला तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं करीन. उत्तर लगेच लिहा.

मला टाकू नका.

सुखदा


निपाणी
७ मार्च २०२५

चि. सौ. सुखदास,
आशीर्वाद.

पत्र आजच मिळालं. यात विचारण्यासारखं काही नाही. सरांना जाऊन सांग. नोकरी गेली तर निपाणीत दोन खोल्या आहेत आणि माझं पेन्शन आहे. ज्यानं शिकवलं त्याच्या ताटातलं ओढून घेऊन आपल्याला जेवण जाणार नाही.

घाबरू नकोस. माया आहे तशीच आहे.

बाबा


सर्जापूर रोड
१८ मार्च २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल, सोमवारी आलं. लिफाफा हातात धरूनच मी योगीराज सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. ते पेनाची उघडझाप करत ऐकत राहिले. मग म्हणाले की आपण होऊन सांगितलंत हे बरं केलंत, कंपनीला अशी माणसं हवी असतात. मला काढणार नाहीत. कायम करायची मुदत तीन महिने वाढवतील, एवढंच. मला तिथेच रडू आलं आणि त्यांना ते आभाराचं वाटलं.

त्यांनी माझ्यासमोर ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदार म्हणाला की दहा दिवस जागा मोकळी ठेवली होती, गुरुवारी, तेरा तारखेला, दुसरा माणूस भरला. आता सरी, म्हणजे ठीक आहे, म्हणून सोडून द्या, असं तो म्हणाला. बसवंत खोली सोडून गावी गेलाय. माझा फोन उचलत नाही.

शुभंकरला मी काल सगळं सांगितलं. तो म्हणाला की त्याला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्यानंच मला ऑफिसात नेऊन सोडलं असतं. ज्याच्यासाठी गप्प बसले असं मी स्वतःला सांगत होते, त्याला गप्प बसणारी बायको नकोच होती.

लिफाफ्यावरचा शिक्का पाहिला. आतल्या पत्रावर सात तारीख आहे आणि शिक्का तेरा तारखेचा. पोस्टातच पडून राहिलं असेल. पण मी तुमच्यावर आणि पोस्टावर ढकलणार नाही. पिराजीकाकांच्या मोबाइलवर निरोप ठेवून चिठ्ठीवर लिहून दाखवा म्हटलं असतं, तर तासाभरात तुमचं उत्तर आलं असतं. मला ते पहिल्या दिवशीच सुचलं होतं. पत्र मी मुद्दाम लिहिलं, कारण पत्राला वेळ लागतो. आणि उत्तर काय येणार हे मला ठाऊक होतं. तुमची लाज वाटण्यासारखं तुम्ही कधी काही केलं नाहीत, मी मात्र केलं.

आशीर्वाद मागत नाही. फक्त लिहीत राहा.

सुखदा


निपाणी
२४ मार्च २०२५

चि. सौ. सुखदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोस्टात पडून नव्हतं. माझ्याकडे होतं.

सात तारखेला लिहिलं, लिफाफा चिकटवला, चप्पल घातली आणि परत काढली. मनात आलं, मार्च संपायला तीन आठवडे आहेत. तोवर तू कायम झालीस की सांगता येईल. कागदावर बापानं खरं लिहिलं होतं, पण सहा दिवस तो कागद खिशात घेऊन फिरला. तेरा तारखेला पिराजींनी, पोस्टाकडे निघालोय, काही टाकायचं आहे का, असं हातवारे करून विचारलं, आणि मला त्यांच्यासमोर नाही म्हणता आलं नाही. माझी लाज वाटण्यासारखं मी काही केलं नाही, हे तू लिहिलंस ते वाक्य मला झोंबलं, म्हणून हे लिहितोय.

काल मी संकेश्वरला गेलो. बसवंतचं घर सापडलं. भावाच्या मोबाइलच्या दुकानात तो बसतो, आठवड्याचा बाजार असला तर गर्दी असते. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर त्यानं वही आणली आणि आम्ही दोघं त्या वहीत लिहून बोललो. मी तुझा गुन्हा लिहिला आणि त्याखाली माझाही. त्यानं लिहिलं की तुझं नाव तो सोमवारी घेऊ शकत होता, पण ठेकेदाराच्या माणसानं कायम होऊ घातलेल्या बाईचं नाव घेतलं तर खोटा तोच ठरला असता. ते फक्त अक्काच सांगू शकत होत्या. म्हणून त्यानं दहा दिवस खोली सोडली नव्हती. रोज सकाळी अंघोळ करून, शर्ट घालून तो फोनजवळ बसायचा.

मी त्याला विचारलं की आता काय करू. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली. त्याच्या आईनं मला चहा दिला. मी कोण ते तिला त्यानं सांगितलं नव्हतं, म्हणून तिनं मला जेवून जा म्हणून आग्रह केला आणि मी तिथे बसून जेवलो.

दहा दिवसांतले पहिले चार तुझे आहेत आणि पुढचे सहा माझे. देवाला मी तुझी नोकरी मागितली होती आणि ती राहिली. आता ती कर. बसवंतला तू स्वतः जाऊन भेट, तो दार उघडेल की नाही मला माहीत नाही.

दरवेळी शेवटी तुझा लोभ मागतो. आज मागायला हात अडतो, पण मागतो.

तुझे
बाबा