फोटोमागची निळी शाई

बाई,

तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी जुना फोटो हातात आला की मी आधी तो उलटा करते. ही सवय तुमची. थेरगावच्या त्या एका खोलीच्या वाचनालयात मी नवी मदतनीस, आणि तुम्ही गावोगावचे फोटो मागून आणलेत. मागे नावं लिहायचं काम माझं. तुम्ही माझ्या हातातलं पेन काढून घेता. "पेन्सिलीनंच लिहायचं. कोण, कुठलं आणि कोणी सांगितलं. चूक झाली तर खोडता आली पाहिजे." आवाज चढलेला नसतो, पण माझे कान तापतात. ती पेन्सिल नंतर तुम्ही मलाच देऊन टाकलीत.

आता वाचनालय मी सांभाळते. ते सगळे फोटो ऑनलाइन टाकलेत. कॉलेजची मुलं इथे तासाला येतात, त्यांना दर वर्षी तेच सांगते, की फोटो फॉरवर्ड करण्याआधी तो कुठला आणि कोणी सांगितलं ते बघा. मुलं माना डोलावतात आणि बाकाखाली फॉरवर्ड करत राहतात. खरंच थकले आहे, बाई.

गेल्या महिन्यात कुरुळीच्या एक आजी नातीचा मोबाईल घेऊन आल्या. त्यावर आपल्याच वाचनालयातला फोटो. विहिरीपाशी उभी बाई, खाली मजकूर 'शेतमजूर स्त्री, कुरुळी'. तो तसाच गावभर फिरला होता. आजी भांडल्या नाहीत. "ही माजी आय हाय. मजूर न्हाई. रान आमचंच व्हतं, आता तिथं कंपनी हाय. रान गेलं ते गेलं, आयला तरी मालकीण म्हना." मी माफी मागितली आणि त्यांच्यासमोर मजकूर बदलला. अर्ध्या मिनिटाचं काम. फिरलेल्या फोटोंचं काय, ते त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या तासाला मी मुलांना हीच गोष्ट सांगितली. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण मुळात चुकीचं लिहिलं कोणी?" मी म्हटलं, "आमच्या जुन्या बाईंनी. मोठी माणसंही चुकतात." मुलं हसली, तास छान झाला.

काल पाकिटातून मूळ फोटो काढला. मागे तोच मजकूर, निळी शाई, अक्षर माझं, आणि कोणी सांगितलं ती जागा कोरी. तुम्ही पेन काढून घेतलंत तेव्हा एक फोटो लिहून झाला होता. बोलणी बसतील म्हणून मी तो गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. गुरुवारी तीच मुलं पुन्हा येणार आहेत.

हे पत्र त्याच पाकिटात राहील. तुमच्याच पेन्सिलीनं लिहिते आहे, आता बोटभर उरली आहे. वर्गात तुमच्यावर ढकललं तेव्हा मला यातलं काही आठवत नव्हतं, असं इथे आधी लिहिलं होतं. ते खोडलं. आठवत होतं.