निवडुंग झोपला आहे

१५ डिसेंबर
आजपासून निवडुंगाला हिवाळा द्यायचा. ठरलं म्हणजे ठरलं. शिमल्याच्या सहलीत ह्यांनी हौसेने घेतला होता. बर्फात राहतो, कडक थंडी मिळाली तरच फुलतो, असं नर्सरीवाला म्हणाला होता. वसईत थंडी कुठली? तीन वर्षं खिडकीच्या ग्रिलमध्ये आहे, एक कळी नाही. आठ फेब्रुवारीला ह्यांचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी फोटोपुढे याचंच फूल ठेवणार. विकतचा हार आणायचा नाही.

१६ डिसेंबर
निवडुंगावरचं ह्यांचं इंग्रजी पुस्तक काढलं. माझी शाळा सातवीपर्यंत, पण डिक्शनरी आहे. हे पेन्सिलने रेघा मारत वाचायचे. शेवटची रेघ पान ६१ च्या तळाला. तिथे गोळ्यांचं रिकामं पाकीट खूण म्हणून घातलंय. ह्यांनी त्यापुढे वाचलं नाही, मीही वाचणार नाही. एकसष्ट पानं पुष्कळ झाली.

१९ डिसेंबर
कुंडी फ्रिजमध्ये ठेवली होती. ठाण्याहून लेक आली, विनिता. दूध काढायला गेली आणि काटे बोटात. म्हणाली, "आई, बाहेरच्या झाडाला कोणी फ्रिजमध्ये ठेवतं का?" कुंडी परत ग्रिलमध्ये. पुस्तकातही उघड्यावरच ठेवा असं आहे. म्हणजे ही माघार नव्हे.

२० डिसेंबर, सकाळी ११
पाचूबंदरची सालोमी मासे घेऊन आली. म्हटलं, आज नुसता बर्फ दे.
"मासली नको, नुसता बरफ? कोनाला ताप आलाय वहिनी?"
निवडुंगाला पाहिजे, म्हटलं. टोपली खाली ठेवून हसली. पण थर्माकोलचं खोकं दिलं, वर बर्फ. कुंडी खोक्यात बसवली, भोवती बर्फ दाबला. शिमला झालं.

२४ डिसेंबर
रोज बर्फ. बोंबलाचा वास येतो. समोर मांजर बसून असतं. शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही खा, आपल्याला प्रॉब्लेम नाही, पण खिडकीत कशाला ठेवता?" मी निवडुंग दाखवला. त्या आणखीच काळजीत पडल्या.

२५ डिसेंबर
नाताळ. सालोमीला सुट्टी. निवडुंगालाही.

२ जानेवारी
निवडुंग सुरकुतला, एका बाजूला कलला. पान ६१ उघडलं. ह्यांनी दोन रेघा मारल्यात: हिवाळ्यात तो सुरकुततो, आडवा पडतो, मेल्यासारखा दिसतो, घाबरू नये. म्हणजे उपाय लागू पडला! दुपारी साखर घालून चहा घेतला.

११ जानेवारी
बुडाशी तपकिरी झालाय. बोट लावलं तर आत गेलं. झोप गाढ लागलेली दिसते.
विनिताला व्हिडिओ कॉलवर दाखवला. "आई, सडलाय तो." म्हटलं, झोपलाय. ती म्हणाली, "बाबांच्या वेळीही तू फोनवर हेच म्हणालीस. झोपलेत, नंतर कर."
मी फोन ठेवला.

१२ जानेवारी
तिचे तीन फोन आले. कामात होते. उद्यापासून बर्फ दुप्पट.

२५ जानेवारी
येणारा वास आता बोंबलाचा नाही. सालोमी वाकून बघून म्हणाली, "वहिनी, आमी मासा ताजा का कुजका ते गलफडं बघून ओलखतो. याला गलफडं नायत, तरी सांगू का?"
म्हटलं, तू तुझे मासे बघ.
ती बर्फ ओतून गेली.

३ फेब्रुवारी
पूर्ण आडवा. अगदी पुस्तकात लिहिलंय तसा. पाच दिवस आहेत. आपल्याकडे ऊन लवकर तापतं, पाच दिवस पुरतील. हार सांगून ठेवावा का? नको. त्याला कळेल की माझा विश्वास नाही.

७ फेब्रुवारी
पान उलटलं. ६२. कोरं करकरीत, पेन्सिल नाही. पहिलंच वाक्य. डिक्शनरी लागली नाही. लिहिलं होतं: मात्र हे सगळं मुळं कोरडी असतील तरच. ओल्या थंडीत तो खरोखर मरतो.
पुन्हा वाचलं. मग खोक्यात हात घातला. निवडुंग मुळं मागे ठेवून हातात आला. आत पोकळ होता.

८ फेब्रुवारी
श्राद्ध झालं. विनिताने न विचारता शेवंतीचा हार आणला होता. चांगला होता.
आज आमच्याकडे मासे नकोत हे सालोमीला माहीत होतं. नुसता बर्फ घेऊन आली. "उठला का?"
म्हटलं, नाही गं. गेला तो. उद्यापासून बर्फ नको.
"मंग हा आनलेला कुटं टाकू?"
मोरीत ओतायला सांगितला. वितळेपर्यंत दोघी बघत उभ्या होतो.
संध्याकाळी विनिता चपला घालत होती तेव्हा तिला म्हटलं, त्या दिवशी ते झोपले नव्हते. मला कळलं होतं.
"माहीत आहे, आई," म्हणाली. आणि चपला काढून परत आत आली.
सालोमीचं खोकं तीनदा धुतलं. वास जात नाही.