समितीपुढं टाकलेली कुऱ्हाड

बा, तुला जाऊन लई वर्षं झाली, आता हे ऐकून उठून बसू नकोस. ज्या खाकीवाल्यानं नांगराच्या एका लाकडापायी तुला आपल्या चुलीपुढं आपटलं, तुझी बोटं बुटाखाली चेचली, त्याच्याच खात्याबरोबर मी आता जंगल राखून राहिले. मी त्याला पाणी दिलं म्हणून त्याच रक्ताळल्या हातानं तू माझ्या थोबाडीत दिली होतीस. आता तर मी त्या खात्याच्या गार्डाला चहा पाजते.

गावाची अन् वनखात्याची मिळून समिती हाय. चारा, बांबू, तेंदूपत्ता गावाला, राखण दोघांची. मला निवडलं तेव्हा सही मागितली, मी अंगठा पुढं केला. तरणा गार्ड हसला, "आजी, हा अंगठा बघूनच चोर पळतील." पळाले न्हाईत.

गेल्या आठवड्यात भर दुपारी साग तोडणाऱ्या एकाला त्या गार्डानं अडवलं. त्या चोरानं कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, त्याच्या डोक्यात घातला. आम्ही बाया ओरडत पोचलो तर पाचोळा लाल झालेला, अन् पळणारी पाठ ओळखीची. माझ्या भावाचा पोरगा. तुझा नातू.

समितीत आम्हीच ठरवलेलं: चोर ज्या घरचा, त्या घरच्या वडीलधाऱ्यानं त्याची कुऱ्हाड समितीपुढं आणून टाकायची, न्हाई तर त्या घराला जंगल बंद. घरात मोठी मीच उरले. गेले. तो परसात कुऱ्हाड धूत होता.

"आण इकडं."

"आत्या, माघारी फिर. म्हातारी म्हणून सोडणार न्हाई."

"म्हातारी हाय म्हणून तर आले. तरणी असते तर भ्याले असते."

त्यानं कुऱ्हाड उगारली. मी उखळातलं मुसळ उचललं. पहिला फटका मनगटावर, हाड वाजलेलं ऐकलं मी. दुसरा गुडघ्यावर. कुऱ्हाड समितीपुढं टाकली, पोलिसासमोर त्याचं नाव घेतलं.

दोघं नांदेडच्या सरकारी दवाखान्यात हायत. गार्डाच्या डोक्याला टाके. तुझ्या नातवाच्या हाताला पलिस्तर, दाराशी शिपाई. मी दोघांचा डबा नेते. एक आजी म्हणतो, एक शिव्या देतो.

लिहून घेणारी माझी नात विचारून राहिली, पाठवायचं कुठं? म्हणलं, ठेव पेटीत. समितीत मी ठणकावून सांगते, माझ्यापाशी आपपर न्हाई. तुला म्हणून सांगते, बा, शिव्या देणाऱ्याच्या भाकरीवर तूप जरा जास्त पडतं.