मस्कतची बाटली आणि धुळ्याचे लंगोट

४ जानेवारी १९९३, जळगाव
मंदाकिनी बाळंतपणाला धुळ्याला गेली ती अजून माहेरीच. पोरगी दोन महिन्यांची झाली. सासूबाईंचं म्हणणं, जळगावला लंगोट कोण धुणार? जावईबापूंना स्वतःचा रुमाल धुता येत नाही. साफ खोटं. रुमाल मी वापरतच नाही.
निश्चय : संक्रांतीच्या आत दोघींना घरी आणणे. सासूबाईंशिवाय.

५ जानेवारी
ऑफिसातल्या जीवरामचा भाऊ मस्कतहून आलाय. त्याच्याकडची एक निळी बाटली मिळवली. फॅब्रिक सॉफ्टनर! शेवटच्या पाण्यात टाकलं की कपडे कापसासारखे मऊ. प्रश्न सुटला.

७ जानेवारी
टॉवेलवर प्रयोग. काय मऊ झाला! फक्त अंग पुसलं जाईना, पाणी नुसतं इकडचं तिकडे. थंडीमुळे असेल. ओल्या अंगावर शर्ट घालून ऑफिस.

९ जानेवारी, शनिवार, धुळे
जेवताना बाटली दाखवून जाहीर केलं, उद्या सगळे लंगोट मी धुणार. मंदाकिनीने विचारलं, तान्ह्या पोरीला चालेल का हे? म्हटलं, फॉरेनचं आहे. सासूबाई म्हणाल्या, जुन्या धोतराचे लंगोट आपोआप मऊ होतात, त्यांना अत्तर कशाला? मनातल्या मनात हसलो.
ठरलं : जमलं तर सोमवारी मंदाकिनी माझ्याबरोबर.

१० जानेवारी, दुपार
झाडून सगळे लंगोट धुतले. बाटलीवर अर्धं झाकण लिहिलंय, मी चार टाकली. पोरीच्या बाबतीत कंजुषी नको. गल्लीभर घमघमाट. मंदाकिनीने एक लंगोट गालाला लावला, म्हणाली, खरंच हो! बॅग भरायला घेतली.

१० जानेवारी, संध्याकाळ
सासरे साखरपुड्याला निघालेले, कडक इस्त्रीचं धोतर. जाता जाता नातीला मांडीवर घेतलं. लंगोटाने थेंबही शोषला नाही. सगळं सरळ धोतरावर. दुसरा लंगोट बांधला, तो प्रकार सासूबाईंच्या लुगड्यावर. तिसराही तसाच. घरात न धुतलेला एकही उरलेला नाही.
सासूबाई ओरडल्या, "हाई लंगोट पानीच पेत नही! बठ्ठं मना लुगडावर!" आणि लंगोटांसाठी सासऱ्यांचं दुसरं धोतर टराटरा फाडलं. साखरपुडा बुडाला.
मी म्हटलं, पोरीचा स्पीड जास्त आहे. मंदाकिनी हसता हसता खालीच बसली. लग्नापासून तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

११ जानेवारी, सकाळ
लंगोट सोडा घालून उकळले, मीच. पुन्हा धुतले, मीच. मंदाकिनीने बॅग रिकामी केली. म्हणाली, एप्रिलात आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायचंच, मग मधे कशाला हेलपाटा?

११ जानेवारी, धुळे स्टँड
तिला आखाजीपर्यंत राहू द्यायचं ठरवलं. निर्णय सर्वस्वी माझा.
निघताना हळूच म्हणाली, दर रविवारी या. लंगोट मऊ करू नका, नुसते धुवा.
म्हणजे धुण्यात माझा हात चांगला आहे, हे तरी तिने मानलं.