मागच्या हबची वाट

४ मार्च
माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, मेला! आज पुढचं गाव गाठायचं होतं — बसलोय सायकलदुरुस्तीच्या दुकानात. नवा हब यायला आठवडा लागेल, म्हणाले इथले मास्तर. तोवर इथंच खा, इथंच काम कर. सहा जण, मालक कुणीच नाही. दारात येईल ती सायकल ज्याची पाळी त्याची. मिळेल ते सगळ्यांत सारखं. शाळेत हे शिकवलं असतं तर पळालो नसतो.

११ मार्च
हब आला नाही. मास्तरांची मुलगी — सगळे तिला ताईच म्हणतात, मला पाहुणा — मला आउट काढायला शिकवतेय. म्हणजे तारा आवळून वाकडं चाक सरळ करायचं. मी सरळ चाक वाकडं करतो. जुन्या टायरात मांजर व्यायलीय! चार पिल्लं. अर्धा दिवस त्यातच गेला.

१८ मार्च
कडाक्याचं भांडण! शर्यतीत सायकल चालवणारा एकजण खास ताईकडे आला. पाळी निवांतची. (त्याचं हे नाव उगाच नाही — पंक्चर काढता काढता डुलकी काढतो.) गिऱ्हाईक कंटाळून गेलं. ताई भडकली, "मी चार चाकं सरळ करते तोवर ह्याचं एक पंक्चर निघत नाही. आणि वाटा सारखा? ज्याचं गिऱ्हाईक त्याची कमाई, बाबा!"
मास्तर — "तुला आउट काढायला कुणी शिकवलं? ह्यानंच ना? तेव्हा मीटर टाकला होता का त्यानं?"
ताईनं हातातलं फडकं आपटलं. मग म्हणाली, "मी वेगळी निघते."
मला दोघांचंही पटलं. हीच तर पंचाईत!

२५ मार्च
दुकानात मधोमध दोरी! तिघं इकडे, तिघं तिकडे. हत्यारंही वाटली — पंप ताईकडे, पंक्चरचं सोल्युशन मास्तरांकडे. दिवसभर दोरीवरून "जरा द्या हो", "आधी तुम्ही द्या". पेपर टाकणाऱ्या आजींची गंजकी सायकल ताईच्या बाजूला कुणी घेईना. मास्तरांनी घेतली, तर हवा भरायला पंप नाही. आजी म्हणाल्या, "हिला ढकलत आणलं. आता तुम्हालाही ढकलू का?"

२ एप्रिल
वाटणी कायमची करायची का, परवा मतदान. तीन विरुद्ध तीन. महिनाभर काम केलं की मत मिळतं, असा इथला नियम — म्हणजे सातवं माझं! जेवताना मास्तरांचा नुसता आग्रह. ताईनं तिचा लाडका पाना वापरायला दिला. मेला तो हब आला असता तर कधीच सटकलो असतो.

४ एप्रिल
मतदानाआधी उभा राहिलो. बोललो एकदाचा — दुपारपर्यंत पाळी, वाटा सारखा. दुपारनंतर ज्याचं गिऱ्हाईक त्याची कमाई. हत्यारं सगळ्यांची. मांजरही.
मास्तर — "म्हणजे अर्धा दिवस मी हरलो."
ताई — "उरलेला अर्धा मी."
निवांत — "दुपारी झोपलं तर चालेल?"
सातही हात वर! दोरीवर आता फडकी वाळताहेत.

५ एप्रिल
पाना शोधायला कपाट उघडलं. मागे खोकं. आत माझा हब!
पावतीवर तारीख ९ मार्च, सही ताईची. खाली मास्तरांचं अक्षर — "पाहुण्याला इतक्यात सांगू नको. रमलाय."
भांडण सुरू व्हायच्याही आधी एका गोष्टीवर बापलेकीचं एकमत झालं होतं!
बाहेरून मास्तर ओरडले, "पाहुण्या, पाळी तुझी!"
खोकं होतं तिथं ठेवलं. गेलो.