माझ्या नावाचा पेला

१४ फेब्रुवारी

कावीळ ब. रिपोर्टवर एवढंच, आणि वर माझं नाव — दिपा. आठवा महिना सरत आलाय आणि आत्ता कळतंय!

हिंगोलीच्या दवाखान्यात पुनम सिस्टरने बाजूला घेऊन सांगितलं. डोळे पिवळे नसले तरी रक्तात आहे. बाळंतपणात बाळाला लागू शकते. जन्मल्याबरोबर, चोवीस तासांच्या आत, दोन सुया दिल्या तर बहुतेक वाचतं. बहुतेक! माहेरी, गोरेगावला परतताना जीपमध्ये सगळा रस्ता तोच शब्द.

१५ फेब्रुवारी

रणजीतला पुण्याला फोन केला. नवऱ्याने एकच विचारलं — "कोणाकडून लागली?"

१६ फेब्रुवारी

आईने माझ्या लग्नातल्या भांड्यांतून माझं नाव कोरलेला पेला काढला. ताटसुद्धा. म्हणाली, सरमिसळ नको. घासून पालथं घालायचं ते न्हाणीजवळच्या फरशीवर, घरच्या भांड्यांत नाही. एका ताटात जेवून ही लागत नाही, सिस्टर म्हणाली होती — सांगितलं. तरी पेला वेगळाच. जन्म दिलेली आई, आणि मला भिते.

३ मार्च

रणजीतने तपासून घेतलं. त्याला नाही. तेव्हापासून फोनही नाही. देवाशपथ, मी काय केलं? रोज आठवत बसते. काहीच सापडत नाही.

२१ मार्च

मुलगी! सकाळी सव्वानऊला. सृष्टी.

सिस्टर सुया घेऊन आली तर आई आडवी. "पाचवी व्हऊ द्या. सटवाईनं कपाळ लिहायच्या आत आमी लेकराला सुई लावू देत न्हाई." रणजीतला दोनदा फोन लावला, उचलला नाही. विचारायला कोणी उरलंच नाही. मग मीच म्हणाले, "द्या सिस्टर. सटवाईला मी सांगते."

दोन्ही मांड्यांत एकेक. केवढी रडली! मीही. आई खिडकीकडे तोंड करून उभी. सिस्टर म्हणाली, आता खुशाल पाजा.

२५ मार्च

पाचवी. सटवाईला लिहायला आईला कोरा कागद हवा होता, ही वही मागत होती. दिली नाही.

५ मे

दीड महिन्याची लस झाली. अजून दोन बाकी. सिस्टरने सहज विचारलं, तुमचा जन्म कुठला? म्हटलं, घरी, सुईणीच्या हातचा. लस कुठली तेव्हा! मग ती आईला म्हणाली, मावशी, तुमचंही रक्त तपासू. आई फणकारली, "मला काय धाड भरलीय?"

घरी येईपर्यंत मी सिस्टरचं पहिल्या दिवशीचं बोलणं आठवत होते — बाळंतपणात बाळाला लागू शकते.

१९ ऑगस्ट

सृष्टी पालथी पडून हसते. दाखवायला कोणी नाही.

२६ डिसेंबर

नऊ महिने झाले. न्यायला कोणी आलं नाही. आज सृष्टीचं रक्त काढलं — लागली की नाही, आता कळेल. पोरगी कळवळली. तेवढ्यात आईने लुगड्याचा पदर सारून हात पुढे केला. "माझंबी घ्या." माझ्याकडे बघितलं नाही.

२८ डिसेंबर

सृष्टीला नाही. आईला आहे.

सकाळी न्हाणीजवळ गेले. फरशीवर माझ्या पेल्याशेजारी आणखी एक पालथा, जुना, जड. आईच्या लग्नातला. नाव पुसट झालंय — रुख्मिणी.

दोन्ही उचलले. आत नेऊन घरच्या भांड्यांत ठेवले.