विषय काढायचा नाही

१ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून विम्याचा विषय काढायचा नाही. आधी संबंध, मग पॉलिसी. माणसाला आपला माणूस हवा असतो, एजंट नको असतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही, स्वतःच्या डोक्यानं काढलंय. दहावीनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही, तरी एजन्सीची परीक्षा पहिल्या दमात पास. आमच्या तिसगावातला दुसरा एजंट वैजनाथ तिसऱ्या खेपेला सुटला. तो दिसला की मी रस्ता बदलतो. स्टँडवर तोंडात भजं कोंबलेलं असताना जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारतो, 'काका, विमा काढला का?' ना रामराम, ना ख्यालीखुशाली.
महिनाअखेर माझं एजन्सीचं वर्ष संपतं. कोट्याला एक पॉलिसी कमी आहे. ती झाली नाही तर एजन्सी रद्द. घाई नाही. माणूस हेरलाय. वस्तीवरचे कारभारीतात्या. डाळिंबाची बाग, दुधाचा धंदा, दोन लग्नाच्या मुली, विमा एकही नाही.

३ फेब्रुवारी
तात्यांकडे गेलो. बॅग मुद्दाम घरी ठेवली. म्हैस, बाग, गुडघा, या क्रमानं चौकशी केली. कोणता गुडघा तेही विचारलं. डावा. तात्या म्हणाले, 'आण्णा, आज कसंकाय येनं केलं?' म्हटलं, सहज. तर हसले. 'व्हय व्हय, सहजच येत्यात समदी.' चहात साखर बेसुमार, कपाचा टवका उडालेला, साय वर तरंगत होती. डोळे मिटून प्यायलो. निघताना म्हणाले, 'वहिनींना नमस्कार सांगा.' पहिल्याच भेटीत संबंध घरापर्यंत पोचला.

६ फेब्रुवारी
ग्रामपंचायतीची निवडणूक लागलीय. पाच वर्षं ओळख न देणारे लोक चौकात हात जोडून उभे. दिसेल त्या म्हाताऱ्याच्या पाया पडतात. शिसारी आली. खऱ्या आपुलकीचं या लोकांनी पार मातेरं केलंय.
दुपारी तात्यांच्या वस्तीवरची बाकीची घरं केली. म्हाताऱ्यांच्या पाया पडलो. मी मनापासून पडतो. लोकांना फरक कळतो.

९ फेब्रुवारी, रात्री
वस्तीवरच्या झुंबरबाईंनी हाताला धरून गटारापाशी नेलं. 'एवढं तुमीच बघा आता, बाबा.' खिशातला टेप काढून रुंदी मोजली. उतार उलटा काढलाय, हेही दाखवून दिलं. वास सदऱ्याला चिकटून घरापर्यंत आला, दोनदा आंघोळ केली. पण विश्वास असाच मिळतो. वैजनाथला आजवर कुणी गटार दाखवलंय?
संध्याकाळी पोरांनी क्रिकेटच्या टॉसला बोलावलं आणि ट्रॉफी माझ्यातर्फे आहे असं माइकवरून परस्पर ठोकून दिलं. हलकट. द्यावी लागली.
विजयमाला म्हणते, 'लोक तुम्हाला कशासाठी बोलावतात, हे एकदा त्यांनाच विचारा ना.' बायकोला प्रोफेशनल रिलेशन काय कळणार!

१५ फेब्रुवारी
तात्या आपल्या पायांनी घरी आले! मी वाणसामान घेऊन पोचलो तेव्हा ओट्यावर बसून विजयमालाशी बोलत होते. मला म्हणाले, 'आण्णा, आपलं पक्कं हाय. वहिनींचाबी होकार घेतला.' विम्याला एजंटच्या बायकोचा होकार लागत नाही, नियम मला तोंडपाठ आहेत. पण विषय काढायचा नाही, म्हणून गप्प बसलो. मग तिचं आधार कार्ड आणि फोटो घेतला. खरं तर कागद मी त्यांचे घ्यायचे असतात. अडाणीपणा, दुसरं काय. वर माझाही एक फोटो मागितला. एजन्सीच्या ओळखपत्रासाठी काढलेला होता, तो दिला. कोणता एजंट सांगेल की गिऱ्हाइकानं त्याचा फोटो मागून नेला?
विजयमाला काहीतरी सांगत होती. मी तात्यांचा फॉर्म भरायला बसलो होतो. सहीपुरती जागा सोडली.

२७ फेब्रुवारी
फॉर्म घेऊन तात्यांकडे. आज पहिल्यांदा बॅग सोबत. बॅग उघडली तसा तात्यांचा चेहराच बदलला. 'इमा? त्यो परवाच काढला की वैजनाथकडनं. दोनी पोरींचाबी.' विचारलं, का? तर म्हणे, 'त्यानं इचारलं, मी व्हय म्हनलं. तुमी महिनाभर येताय, पर एका सबदानं तरी बोलला का? मला वाटलं, विलेक्शनपायी तुमी धंदा सोडला.' मग माझ्या पाठीवर थाप. 'तुमी नका काळजी करू. वस्तीचं एकूनएक मत तुमच्याच घरात हाय.'
त्याच टवक्याच्या कपात चहा दिला. तसाच ठेवून उठलो.

१ मार्च
एजन्सी रद्द. पाथर्डीला ऑफिसात जाऊन ओळखपत्र जमा केलं. परतताना स्टँडवर फ्लेक्स दिसला. हात जोडलेली विजयमाला, माणसाएवढी. आपला वॉर्ड यंदा महिला राखीव आहे. खाली शुभेच्छुकांत तात्या, झुंबरबाई, क्रिकेटची पोरं, आणि शेवटी मी, ओळखपत्रावरच्या फोटोत. टाय वाकडा. घरी आल्यावर विजयमालाला विचारलं, मला का सांगितलं नाहीस? म्हणाली, 'तीनदा सांगितलं.'
संध्याकाळी वैजनाथ दारात. मिशीला बेसन. ना रामराम, ना ख्यालीखुशाली. 'वहिनी, विमा काढला का?' विजयमाला म्हणाली, 'नाही बाई. आमच्याकडे आजवर कुणी विचारलंच नाही.'
तिनं सही केली. वारस म्हणून माझं नाव. वैजनाथनं पिनकोड चुकवला होता, तो मी दुरुस्त करून दिला.